नववीतल्या मुलींसाठी मैदान आणि एक उशिराची बस : मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या प्रशासनाला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी आणि मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, परभणी, हिंगोली, नांदेड, लातूर, धाराशिव.

सविनय नमस्कार.

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते आणि मुलींचा खो-खोचा संघ सांभाळते. हेच पत्र अर्ज म्हणून दिलं असतं तर त्यावर आवक क्रमांक पडला असता आणि ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ ते एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलं असतं. म्हणून उघड लिहिते आहे. आपल्याबरोबर पालकांनी, सरपंचांनी आणि माझ्यासारख्या मास्तर-मास्तरणींनीही ते वाचावं.

मागणी आधी सांगून टाकते. चौदा ते अठरा या चार वर्षांत गावातली मुलगी मैदानावर आणि हाताला काम शिकवणाऱ्या वर्गात टिकून राहील एवढी व्यवस्था करा. नव्या नावाची योजना नको आहे. योजनांना आमच्याकडे तोटा नाही, त्यांच्या वेळा आणि वयं जुळत नाहीत.

मुलगी चौदाची झाली की काय काय थांबतं ते एकदा कागदावर मांडून पाहा. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयासाठी. शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंत. आईबाप ऊसतोडीला गेले की मुलांसाठी गावात जी हंगामी वसतिगृहं चालतात, तीही आठवीपर्यंतच. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बऱ्याच ठिकाणी सातवी-आठवीला संपते आणि पुढची शाळा दुसऱ्या गावाला. हे सगळं एकाच वर्षी घडतं, आणि नेमकं त्याच वर्षी घरात ‘आता पोरगी मोठी झाली’ हे वाक्य सुरू होतं.

पुढची बाजूही बघा. लेक लाडकी योजनेत मुलीला टप्प्याटप्प्यानं १ लाख १ हजार रुपये मिळतात, पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे. त्यातली पहिली मुलगी अठराची होईल २०४१ साली. लाडकी बहीण योजना सुरू होते एकविसाव्या वर्षी. आज नववीत बसलेली मुलगी पहिलीसाठी मोठी आणि दुसरीसाठी लहान. धाराशिव केंद्राच्या मागास जिल्ह्यांच्या यादीतला ‘आकांक्षित जिल्हा’ असल्यामुळे तिथं १४ ते १८ वयाच्या किशोरींसाठी अंगणवाडीमार्फत पोषणाची योजना आहे. उरलेल्या सात जिल्ह्यांतल्या मुलींना त्या वयात भूक लागत नाही असं काही आहे का?

या चार वर्षांत काय होतं ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आलेलंच आहे. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के. बीडमध्ये ४३.७. परभणीत ४८. म्हणजे परभणीत जवळजवळ दर दुसरी. हे आकडे आपल्या सादरीकरणात असतातच. त्यावर उपाय म्हणून जनजागृती रथ निघतो, शपथ दिली जाते, पथनाट्य होतं. पथनाट्यात बाप नेहमी दारुडा किंवा अडाणी दाखवतात. माझ्या मुलींचे बाप तसे नाहीत. दसरा जवळ आला, मुकादमाकडून उचल, म्हणजे ऊसतोडीचे आगाऊ पैसे, घेतली की त्यातला एखादा शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहतो आणि म्हणतो, “म्याडम, तुमचं समदं पटतंय. पर आमी तिकडं फडात, ही हितं. म्हातारीच्या भरवशावर पोर कशी ठिवावी?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसतं, आणि कायद्याचं कलम सांगून तो सुटत नाही. बाल विवाह प्रतिबंधक कायदा २००६चा आहे. गावात ग्रामसेवकच बाल विवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, मुलांच्या मदतीचा १०९८ नंबर भिंतीवर रंगवलेला असतो. (ग्रामसेवकाला त्याच गावात वर्षभर काम करायचं असतं आणि त्याच मांडवात जेवायला बसायचं असतं, हे आपल्यालाही ठाऊक आहे.) ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यावर मिळते. मुलीचं लग्न लावलं की एकीकडे तिची काळजी मिटते, दुसरीकडे त्या घरात एक नवा कोयता उभा राहतो. हिशोब सरळ आहे, त्याला अज्ञान म्हणून चालणार नाही. तो बदलायचा तर मुलीला ठेवायला भरवशाची जागा आणि अठराव्या वर्षी काहीतरी हाती येईल अशी खात्री, या दोन गोष्टी बापाला दिसल्या पाहिजेत.

मैदान अशी जागा होऊ शकतं, हे मी रोज बघते. नववीतली एक मुलगी सांगते. नाव सांगत नाही. उंचीनं कमी, पण सूर मारण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. खांबाला एका हातानं पकडून ती अंग असं लांबवते की पळणारीला वाटतं निसटलो, आणि तोवर पाठीवर थाप पडलेली असते. डाव्या कोपराची खपली पावसाळाभर वाळत नाही, कारण ती रोज त्याच कोपरावर पडते. येताना कडेवर धाकटा भाऊ असतो. त्याला ती चुन्याच्या रेषेबाहेर बसवते, हातात भाकरीचा तुकडा देते आणि मग चौकटीत येऊन बसते. भाऊ रडला तर तिच्या शेजारची उठून त्याला गप्प करते, खेळ थांबत नाही. हा सगळ्या संघानं न बोलता केलेला नियम आहे. तिचा बाप पहिल्यांदा तिला घेऊन जायला आला होता. चिडून आला होता. मुलींनी त्याला खुर्ची दिली, तो अख्खा डाव बघत बसला, आणि जाताना मला एवढंच विचारलं की हे रोज किती वाजेपर्यंत असतं. त्यानंतर तो कधी आला नाही. मुलगी मात्र रोज आली.

संघ तालुक्याला जिंकला, जिल्ह्याला जिंकला. विभागीय स्पर्धा दिवाळीच्या आसपास होती. तोवर त्या घराला कुलूप लागलं होतं. मुलगी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या हद्दीत मोळ्या बांधत होती. आम्ही बदली खेळाडू घेऊन गेलो.

इथं पहिली आणि सगळ्यांत स्वस्त मागणी येते. शालेय स्पर्धांचं वेळापत्रक ऊसतोडीच्या जिल्ह्यांत दसऱ्याच्या आत बसवा. तालुका, जिल्हा आणि जमलं तर विभागही. जून ते दसरा हेच आमच्या मुलींचं वर्ष आहे. पुढचं सहामाही त्यांच्यासाठी कॅलेंडरवर असतं, गावात नसतं. त्यासाठी रुपयाही लागत नाही. क्रीडा कार्यालय म्हणेल की पावसात सामने कसे घ्यायचे. घ्यावेत. आमच्याकडे पाऊस पडतोच किती?

पावसाचा खरा त्रास मातीचा आहे. काळ्या रानात थोडं शिंतडलं की चिखल बुटाला बिलगतो आणि उन्हाळ्यात भेगांत पाय अडकून घोटे मुरगळतात. मुरूम टाकून दाबून घेतला तर दोन्ही त्रास संपतात. खेळाचं मैदान हे रोजगार हमीतलं अनुज्ञेय काम आहे. खो-खोला सत्तावीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद जागा, दोन खांब, चुना आणि दोरी एवढंच लागतं. कबड्डीला तर त्याहून कमी. गायरान आणि शाळेचं आवार धरून इतकी जागा नसलेलं गाव मला अजून दिसलेलं नाही. तालुका क्रीडा संकुलांचं मी बोलतच नाही. ती झाली तर आनंदच आहे, पण तालुक्याच्या गावाबाहेर माळावर उभ्या केलेल्या संकुलात वाडी-तांड्यावरची मुलगी संध्याकाळी जाणार कशी, याचा विचार जागा ठरवताना कुणी केलेला दिसत नाही.

याच मातीतून काय निघू शकतं ते वेगळं सांगायला नको. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या महिला खो-खो संघानं सुवर्णपदक घेतलं, कर्णधार होत्या धाराशिवच्या सारिका काळे. २०२०मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, अंतिम सामन्यात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आमच्याच जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. गावोगाव फ्लेक्स लागले तिचे, माझ्या मुलींनीही त्यासमोर उभं राहून फोटो काढले. पण तिचा खेळ घडला पुण्याकडे. केजमध्ये राहून ती तिथवर पोचली असती का, हे फ्लेक्स लावणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नाही. आणि खरं सांगायचं तर माझी सारिका-प्रियांकांची फारशी काळजी नाही. त्या वाट काढतात. मला काळजी आहे संघातल्या बाकीच्यांची, ज्या राज्यापर्यंत जाणार नाहीत आणि ज्यांनी तरीही अठरापर्यंत खेळत राहायला हवं.

आता बस. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसगाड्यांनी आमच्या भागात जे केलं त्याला तोड नाही. २०११-१२पासून मुली त्या बसनं मोफत शाळेला येतात. बारावीपर्यंत एसटीचा पासही मोफत आहे, आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. या गाड्या नसत्या तर माझ्या वर्गातले मुलींचे अर्धे बाक रिकामे असते. पण गाडी शाळा सुटल्यावर लगेच निघते. मैदानाची वेळ तीच. म्हणजे बसनं येणारी मुलगी खेळू शकत नाही, आणि गावातली जी खेळू शकते तिला संघाला पुरेशा जोडीदारणी मिळत नाहीत. खो-खोत नऊ जणी लागतात मैदानावर. आपल्या अध्यक्षतेखाली मानव विकासची जिल्हा समिती बसते. तिथं एवढाच ठराव करा की संध्याकाळची फेरी एक तास उशिरा सुटेल. ते शक्य नसेल तर शाळांना सांगा की शेवटच्या दोन तासिका खेळाच्या. मुख्याध्यापक विरोध करतील, दहावीच्या निकालाचं कारण देतील. त्यांना माझ्याकडे पाठवा.

खेळ तासिकेत घेण्याला आणखी एक कारण आहे. शाळा सुटल्यावरची वेळ मुलीची नसते. घरी पाणी भरायचं, चूल पेटवायची, शेळ्या बांधायच्या, धाकट्याला बघायचं. मुलगा सहा वाजेपर्यंत क्रिकेट खेळला तर कुणी विचारत नाही. मुलगी साडेपाचला आली नाही तर निरोप येतो. हे चूक आहे, पण ते बदलेपर्यंत मी वाट बघत बसू शकत नाही. शाळेच्या वेळेत खेळ बसवला तर घरी उत्तर द्यायची गरज पडत नाही.

शिकवणार कोण, हा पुढचा प्रश्न. उच्च प्राथमिक वर्गांची पटसंख्या शंभरावर असेल तरच कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवाला अर्धवेळ निदेशक द्यायचा, असं शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट सांगतं. आमच्या वाड्या-तांड्यांवरच्या शाळांत शंभर पोरं यायची कुठून? त्यामुळे सातवीपर्यंत मुलीनं शिट्टी वाजवणारी बाई पाहिलेलीच नसते. दुसरीकडे बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करून घरी बसलेल्या मुली प्रत्येक तालुक्यात आहेत. माझ्याकडेच येतात, “मॅडम, कुठं जागा आहे का” विचारायला. प्रत्येक केंद्रशाळेला, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या मुख्य शाळेला, अशी एक प्रशिक्षक मानधनावर नेमा. ती आठवड्यात दोन दिवस केंद्रशाळेत, उरलेले दिवस आसपासच्या शाळांत फिरेल. पैशासाठी मंत्रालयात जायची गरज नाही. जिल्हा परिषदेनं आणि ग्रामपंचायतीनं स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून आज काय होतं? शिलाई मशीन, पिठाची गिरणी, आणि मुलींसाठी काही दिवसांचं कराटे शिबिर. कराटे शिबिराचा मला फार अनुभव आहे. पाहुणे येतात, मुली पांढऱ्या ड्रेसमध्ये कौल फोडतात, फोटो निघतात, प्रमाणपत्रं वाटली जातात आणि प्रशिक्षक पुढच्या तालुक्याला जातात. स्वसंरक्षण तीन महिन्यांत अंगात येत नाही. वर्षानुवर्षं पडून, उठून, धावून, धक्के खाऊन येतं.

प्रशिक्षक बाईच हवी, यावर मी आग्रही आहे. पुरुष प्रशिक्षक सगळे वाईट असतात असं नव्हे, कित्येकांनी घरचं जेवण मुलींना खाऊ घालून संघ उभे केलेत. पण पाळी आली म्हणून पोट दुखतंय हे मुलगी सरांना सांगत नाही, ‘ताप आहे’ म्हणते आणि चार दिवस गायब होते. आणि प्रवासाला बाई बरोबर असेल तरच आई पाठवते. स्पर्धेच्या ठिकाणची व्यवस्थाही बघा. एका विभागीय स्पर्धेत मुलींना जिथं उतरवलं होतं तिथल्या न्हाणीघराला आतून कडी नव्हती. एक आत जायची, दोघी दाराला पाठ लावून उभ्या राहायच्या. हे एका मुलीच्या घरी कळलं आणि पुढच्या वर्षी तिचं नाव संघात नव्हतं. एक कडी कितीला येते?

पोटाचं थोडक्यात. राज्यात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के रक्तक्षय असलेल्या आहेत, त्याच सर्वेक्षणातला आकडा. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते. ती उपाशीपोटी घेतली की मळमळतं, म्हणून मुली खिडकीतून फेकतात. मी पाहिलंय आणि त्यांना रागावू शकलेले नाही. सकाळी चहा-बटर खाऊन निघालेली मुलगी दुपारी साडेतीनला धावणार असेल तर तिला आधी मूठभर शेंगदाणे आणि गूळ द्या, जमेल त्या दिवशी अंडं द्या. आठवीपर्यंतच्या मुलांची खिचडी त्याच चुलीवर शिजते. नववी-दहावीच्या खेळणाऱ्या मुलींपुरती ती वाढवायला बचत गटाच्या बायका एका पायावर तयार आहेत, शिधा तेवढा पोचवा.

कौशल्य प्रशिक्षणाबद्दल मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण तिथं आपल्या कार्यालयांची कल्पनाशक्ती शिलाई, ब्यूटी पार्लर आणि एमएस-सीआयटीच्या पुढे जात नाही. शिलाईला मी कमी लेखत नाही. माझ्या संघाच्या ट्रॅकपँट गावातल्याच बाईनं शिवल्यात. पण एका गावात किती ब्लाऊज शिवले जाणार? योजनेतून आलेली मशीनं कपाटासारखी कोपऱ्यात उभी असतात, त्यांवर गोधड्यांची घडी असते. गावात खरोखर काय बिघडतं आणि दुरुस्तीला माणूस मिळत नाही, हे बघून वर्ग काढा. मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेतून शिवारात पॅनल उभे राहताहेत. बिघडले की शेतकरी तक्रार नोंदवून वाट बघत बसतो. ठिबकच्या नळ्या, मोटारीचं वाइंडिंग, दूध संकलन केंद्रातलं फॅट मोजायचं यंत्र, सगळ्याचं तेच. आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन, वायरमन, सोलर टेक्निशियन हे ट्रेड आहेत, दहावीनंतर प्रवेश मिळतो, मुलींसाठी तीस टक्के जागा आहेत. तरी या वर्गांत मुली औषधाला सापडतात.

यावर नेहमीचं उत्तर असतं की मुलींनाच आवड नाही. कशी असेल? इलेक्ट्रिशियनच्या वर्गात सगळे मुलगे आणि आपण एकटी, हे चित्र पंधरा वर्षांच्या मुलीला घाबरवायला पुरेसं आहे. आणि इथंच मैदानाचा संबंध येतो. जी मुलगी ट्रॅकपँट घालून अख्ख्या गावासमोर धावली आहे, बाद नसताना बाद दिल्यावर पंचांसमोर जाऊन भांडली आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी मुक्काम करून आली आहे, ती त्या वर्गाच्या दारातून परत फिरत नाही. माझ्या जुन्या खेळाडूंपैकी दोघीतिघी अशा गेल्या. एकीनं पहिल्या आठवड्यात फोन करून सांगितलं, “मॅडम, पोरं आधी हसली. मग मी पकड मागितली तर गप देली.” मराठवाड्याला हे नवीनही नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत घरं दुरुस्त करताना बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. सळई कुठं, पट्टा कुठं, हे त्या गवंड्याला सांगत होत्या. तीस वर्षांनी त्यांच्या नातींना आपण मेंदीचा कोर्स देतो आहोत.

ग्रामीण भागासाठी प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं १९ ऑक्टोबर २०२३ला सुरू झाली, राज्यात ५११. त्यांचा एक वर्ग तरी मुलींच्या माध्यमिक शाळेत, शनिवारी, मैदानाच्या वेळेला जोडून भरवा. आणि आयटीआयची ओळख दहावीच्या निकालानंतर करून देऊ नका. निकाल लागतो तेव्हा लगीनसराई असते, उसाचा हिशोब होऊन घरात थोडे पैसे आलेले असतात, आणि पाहुण्यांचे फोन सुरू असतात. त्या गर्दीत आयटीआयचा ऑनलाइन अर्ज कुणाला सुचणार? नववीत असताना, श्रावण-भाद्रपदात, मुलींना आणि त्यांच्या आयांना बसमध्ये घालून तालुक्याच्या आयटीआयमध्ये नेऊन आणा. आईनं एकदा ती कार्यशाळा पाहिली, तिथं बसलेली एखादी मुलगी पाहिली, की घरातला वाद अर्धा तिथंच संपतो.

पोलीस भरतीचंही असंच. पहाटे पाचला आमच्या कुठल्याही डांबरी रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि स्टीपलचेसमध्ये आशियाई सुवर्णपदकापर्यंत पोचला, तेव्हापासून तर जास्तच. मुलींसाठी चाचणी आहे आठशे मीटर, शंभर मीटर आणि चार किलोचा गोळा. मिळून पन्नास गुण. महिलांना तीस टक्के आणि खेळाडूंना पाच टक्के समांतर आरक्षण आहे. पण पहाटेच्या अंधारात मुलीला रस्त्यावर कोण सोडणार? शाळेच्या मैदानाला दोन दिवे लावा, प्रशिक्षक बाई तिथं असू दे, आणि शाळा सोडलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलींनाही फाटक उघडं ठेवा. तांड्यावरच्या आणि पालावरच्या ज्या मुलींची नावं कुठल्याच हजेरीपटावर नाहीत, त्यांना पुन्हा शाळेच्या आवारात आणायला खेळाइतका सोपा रस्ता मला माहीत नाही. ‘वर्गात बस’ म्हटलं की त्या पळतात. ‘एक कमी पडतीय, येतीस का’ म्हटलं की येतात.

वसतिगृहाचा विषय वरच्या बापाच्या प्रश्नाशी जोडलेला आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनेत ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं ठरली, निम्मी मुलींची. चांगला निर्णय. बापाला मी आता निदान एक नाव सांगू शकते. पण इमारत भाड्यानं घेताना भोवती मोकळी जागा आहे का, जवळच्या शाळेत मुलींचा संघ आहे का, हेही बघा. नुसत्या चार भिंतींत सहा महिने कोंडलेली मुलगी संक्रांतीला घरी गेली की परत येत नाही. जिथं संघ आहे तिथं ती परत येते, कारण मैत्रिणी तिची वाट बघत असतात. आणि हंगामी वसतिगृहाची आठवीची अट काढायचा प्रस्ताव आपल्या सहीनं वर पाठवा. शिक्षकांनी पाठवलेल्या प्रस्तावाला कुणी विचारत नाही.

एक शेवटची गोष्ट मोजमापाची. क्रीडा कार्यालयाच्या अहवालात पदकांचा रकाना असतो, कौशल्य विभागाच्या अहवालात ‘प्रशिक्षित’ संख्येचा. दोन्ही आकडे दरवर्षी छान येतात. त्याऐवजी जूनमध्ये मैदानाच्या हजेरीपटावर असलेल्या चौदा ते सतरा वयाच्या मुलींपैकी पुढच्या जूनमध्ये किती जणी शाळेत, कॉलेजात किंवा आयटीआयमध्ये आहेत, हे प्रत्येक केंद्राकडून मागवा. ही हजेरी दुसऱ्याही कामाची आहे. सुपारी फुटल्याची बातमी ग्रामसेवकाच्या आधी संघातल्या मुलींना कळते. रोज येणारी मुलगी तीन दिवस दिसली नाही की त्या घरी जाऊन येतात आणि माझ्या कानाशी येऊन सांगतात. त्या वेळी हातात आठ-दहा दिवस असतात. घरी जाऊन बोलता येतं, आजीला समजावता येतं, आणि नाहीच ऐकलं तर मग १०९८ आहेच. मांडव पडल्यावर पोलीस घेऊन जाण्यात मुलीचीच अब्रू जाते आणि पुढं तिला गावात राहणं कठीण होतं.

शाळा जूनच्या मध्यावर उघडतात. प्रशिक्षकांची नेमणूक, मुरूम, दिवे, शिधा, वसतिगृहाचा प्रस्ताव याला वेळ लागेल हे मला समजतं. फायली फिरायला महिने जातात. स्पर्धांच्या तारखा आणि बसची वेळ या दोन गोष्टींना मात्र फक्त आपली सही लागते, आणि त्या शाळा उघडण्याआधी होऊ शकतात. आपल्यापैकी ज्या जिल्ह्यात संध्याकाळची निळी बस एक तास उशिरा सुटेल, त्यांनी आदेशाची एक प्रत शाळांच्या फळ्यावर लावायला सांगावी. पालकांना वेळ कळली पाहिजे.

आपली,
एक क्रीडाशिक्षिका
धारूर तालुका, जि. बीड